ठिपू कोळ्याचा पांढरा बाण

एक होता कोळी.
केवढा? तिळाएवढा.
नाव काय? ठिपू.

ठिपूला जाळं विणायचा भारी कंटाळा. त्याला आवडायच्या उड्या. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

ठिपू राहायचा दादाच्या टेबलावर, खेळाच्या कॉम्प्युटरमागे. तिथं छान ऊब असायची.

रोज संध्याकाळी दादा यायचा. बटण दाबायचा. स्क्रीन उजळायची. आणि स्क्रीनवर यायचा एक बाण. पांढरा. इवलासा. टोकदार. दादानं माउस हलवला की बाण पळायचा. सुर्रकन इकडे. सुर्रकन तिकडे.

बाण पुढे, ठिपू मागे. टुणुक टुणुक. पण बाण कधी म्हणून सापडला नाही.

ठिपू म्हणायचा, "आज नाही तर उद्या. उद्या धरीनच!"

काल होता दसरा. बाबांनी कॉम्प्युटरच्या डब्याला हळद-कुंकू लावलं. वर झेंडूची माळ ठेवली. दादाची छोटी बहीण मुक्ता, तिनं डोळे मिटून हात जोडले. मग एक डोळा उघडून हळूच माळेकडे पाहिलं.

आज संध्याकाळी दादानं बटण दाबलं. मुक्ता त्याच्या मांडीवर बसली. स्क्रीनवर लाल गाडी आली. झूम, झूम, झू...

अंधार.

स्क्रीन काळी. गाडी गेली. बाणही गेला.

ठिपू काळ्या काचेवर चढला. वर पाहिलं, खाली पाहिलं. बाण नाही.

"स्क्रीन, स्क्रीन, उजळ ना!"

"का रे उजळू?"

"माझा बाण मला मिळेना!"

"मी नाही बाई. वाट बघून डोळे दमले. आधी वायर चित्र आणेल, मग मी उजळेन."

"बरं," म्हणाला ठिपू. आणि निघाला वायरकडे.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. एक पाय दमला.

वायर टेबलामागे लोंबत होती. लोंब लोंब.

"वायर, वायर, चित्र आण ना!"

"का रे आणू?"

"स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना!"

"मी नाही बाई. दादानं मला काढलं, लावलं. काढलं, लावलं. मान दुखली माझी. आधी कार्ड चित्र काढेल, मग मी आणीन."

"बरं," म्हणाला ठिपू. आणि निघाला कार्डाकडे.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. दोन पाय दमले.

कार्ड डब्याच्या आत होतं. ठिपू जाळीतून आत शिरला. हे होतं ग्राफिक्स कार्ड. चित्रं काढणं हे त्याचं काम. गाडीचं चित्र, ढगाचं चित्र, बाणाचं चित्र. पण आज ते नुसतं हुश्श हुश्श करत होतं.

"कार्ड, कार्ड, चित्र काढ ना!"

"का रे काढू?"

"वायर आणेना, स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना!"

"मी नाही बाबा. अंग बघ कसं तापलंय! जवळ येऊ नकोस, चटका बसेल. आधी पंखा फिरेल, मग मी चित्र काढीन."

"बरं," म्हणाला ठिपू. आणि निघाला पंख्याकडे.

टुणुक टुणुक. टुणुक... टुणुक. तीन पाय दमले.

पंखा कार्डाच्या पोटाशीच होता. फिरायला जायचा आणि अडायचा. टक्. फिरायला जायचा आणि अडायचा. टक्.

"पंख्या, पंख्या, फिर ना!"

"का रे फिरू?"

"कार्ड काढेना, वायर आणेना, स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना!"

"मी नाही बाबा. टक्. जोर लावून लावून दमलो. टक्. माझ्या पात्यात दोरा अडकलाय. आधी दोरा सुटेल, मग मी फिरेन. टक्."

"बरं," म्हणाला ठिपू. आणि निघाला दोऱ्याकडे.

टुणुक... टुणुक. टुणुक... टुणुक. चार पाय दमले.

तो होता झेंडूच्या माळेचा दोरा. एक वेढा इकडे, एक वेढा तिकडे. मध्ये एक चेपलेलं फूल.

"दोऱ्या, दोऱ्या, सूट ना!"

"का रे सुटू?"

"पंखा फिरेना, कार्ड काढेना, वायर आणेना, स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना!"

"मी नाही बाबा. मला काय हौस आहे अडकायची? माझा पीळच गेला दमून. आधी दादा झाकण उघडेल, मग मी सुटेन."

"बरं," म्हणाला ठिपू. आणि निघाला दादाकडे.

टुणुक... टुणुक. टुणुक... टुण. पाच पाय दमले.

दादा टेबलाखाली बसला होता. केसांत धूळ. नाकावर धूळ.

"दादा, दादा, झाकण उघड ना!"

"का रे उघडू?"

"दोरा सुटेना, पंखा फिरेना, कार्ड काढेना, वायर आणेना, स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना!"

"मी नाही बाबा. वायर काढली, वायर लावली. बटण दाबलं, परत दाबलं. डब्याला थोपटलं, डब्याला रागावलो. आता दमलो. झाकणाला स्क्रू आहेत. आधी आई स्क्रूड्रायव्हर देईल, मग मी उघडीन."

"बरं," म्हणाला ठिपू. आणि निघाला आईकडे.

टुणुक... टुण. टुण... टुण. सहा पाय दमले.

आई स्वयंपाकघरात होती. दोन्ही हात कणकेत. शेजारी स्क्रूड्रायव्हर. कुकरची मूठ सैल झाली होती ना, म्हणून तो आईकडे.

"आई, आई, स्क्रूड्रायव्हर दे ना!"

"का रे देऊ?"

"दादा उघडेना, दोरा सुटेना, पंखा फिरेना, कार्ड काढेना, वायर आणेना, स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना!"

"मी नाही राजा. सकाळपासून उभी आहे, पाय दुखतात नुसते. तुला आठ आहेत, मला दोनच! आधी बाबा पोळ्या लाटतील, मग मी हात धुऊन देईन."

"बरं," म्हणाला ठिपू. आणि निघाला बाबांकडे.

टुण... टुण. टुण... टु. सात पाय दमले.

बाबा ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसले होते. एक मोजा पायात, एक हातात. मांडीवर मुक्ता.

"बाबा, बाबा, पोळ्या लाटा ना!"

"का रे लाटू?"

"आई देईना, दादा उघडेना, दोरा सुटेना, पंखा फिरेना, कार्ड काढेना, वायर आणेना, स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना!"

"मी कसा उठू बाळा? आल्यापासून मोजासुद्धा काढू दिला नाही हिनं. खाली ठेवलं की भोकाड! आधी मुक्ता हसेल, मग मी लाटीन."

"बरं," म्हणाला ठिपू. मुक्ता काही लांब नव्हती. बाबांच्या मांडीवरून मुक्ताच्या गुडघ्यावर.

टु... टु... हुश्श.

आठ पाय दमले. आता एकही उरला नाही.

"मुक्ता, मुक्ता, हस ना!"

"का हसू?"

"बाबा लाटेनात, आई देईना, दादा उघडेना, दोरा सुटेना, पंखा फिरेना, कार्ड काढेना, वायर आणेना, स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना!"

"नाऽऽही! माझी लाल गाडी गेली! आधी स्क्रीन उजळेल, मग मी हसेन!"

"बर..." म्हणाला ठिपू.

आणि थांबला.

स्क्रीन? स्क्रीनकडे तर तो आधीच जाऊन आला होता! परत स्क्रीन? परत वायर? परत कार्ड?

ठिपू मुक्ताच्या गुडघ्यावर मटकन बसला. डोळे मिटून हळू हळू म्हणाला, "मुक्ता हसेना, बाबा लाटेनात, आई देईना, दादा उघडेना, दोरा सुटेना, पंखा फिरेना, कार्ड काढेना, वायर आणेना, स्क्रीन उजळेना, माझा बाण मला मिळेना. जो तो म्हणतो आधी तो. जो तो म्हणतो आधी ती. मग आधी कोण?"

फक्त कुकर बोलला. फुस्स.

ठिपूनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"मग आधी मी," म्हणाला ठिपू.

मुक्ताला हसवायचं. कसं? नाचून!

ठिपूनं पहिला पाय उचलला. पहिला पाय म्हणाला, "मी दमलो." दुसरा उचलला. दुसरा म्हणाला, "मीपण." ठिपू म्हणाला, "चला रे, थोडंसंच!"

एक पाय इकडे गेला. एक पाय तिकडे गेला. एक कुठे गेला ते ठिपूलाच कळेना. पायात पाय, पायात पाय आणि... धप्प!

ठिपू पाठीवर. आठही पाय वर.

मुक्ता रडायची थांबली. नाक वर ओढलं. सूं.

ठिपूचा एक पाय हलला. टुक.

मुक्ता हसली. खुदकन! "बाबा, बघा, कोळी बाळासारखा पाय वर करतोय!"

मग काय!

मुक्ता हसली, तसे बाबा उठले. दोन्ही मोजे काढले. पोळ्या लाटल्या. लाट लाट लाट. पहिली पोळी लांबच लांब झाली.

"ही काय पोळी आहे का पायजमा?" आई म्हणाली.

"खाऊन बघ, गोडच लागेल," बाबा म्हणाले.

बाबांनी लाटलं, तसे आईनं हात धुतले. दादाला स्क्रूड्रायव्हर दिला. "हे घे सुमेध. आणि परत आणून दे हं! दर वेळी मीच शोधायचा का?"

आईनं दिलं, तसा दादा उठला. आधी प्लग काढला. मग स्क्रू फिरवले. कुर्र कुर्र. झाकण उघडलं.

"अरे! पंख्यात झेंडू?" दादा म्हणाला. "हा कुणी घातला?"

मुक्तानं हात वर केला. "मी. तो सारखा फिरतो. दमतो. म्हणून जाळीच्या फटीतून त्याला माळेतलं फूल दिलं."

दादाला हसावं की रडावं कळेना. "अगं वेडाबाई, फूल देऊन तो उलट जास्त दमला!"

"मग काय देऊ?"

"फुंकर घाल."

मुक्तानं गाल फुगवले. फूऽऽ! धूळ उडाली. बाबा शिंकले. आक्छी!

आता दोरा ओढायचा. पण दादाची बोटं जाड आणि दोरा बारीक. टोकच सापडेना. मुक्तानं ठिपूला तळहातावर आणलं होतं. तिथून तो वाकला. दोऱ्यातलं त्याला कळतं. कोळीच तो! त्यानं एक दमलेला पाय उचलला आणि दाखवलं. "ते बघ टोक. पात्याच्या मागे."

दादानं टोक धरलं. ओढलं. सुर्रर्र...

दोरा सुटला! "हुश्श, झालो मोकळा," म्हणाला दोरा.

दादानं झाकण लावलं. प्लग लावला. बटण दाबलं.

दोरा सुटला, पंखा फिरला. भुर्र भुर्र!
पंखा फिरला, कार्ड गार झालं. कार्डानं चित्र काढलं.
कार्डानं काढलं, वायरनं आणलं.
वायरनं आणलं, स्क्रीन उजळली!

आणि स्क्रीनवर कोण? पांढरा बाण! इवलासा. टोकदार.

"माझा बाण!" म्हणाला ठिपू. उडी मारायला गेला. टु...

णुक काही होईना. पायच उचलेनात.

बाण निघाला. सुर्रकन इकडे. सुर्रकन तिकडे. ठिपू नुसता बघत राहिला.

दादानं ठिपूकडे पाहिलं. बाणाकडे पाहिलं. आणि माउसवरचा हात उचलला.

बाण थांबला.

दादानं ठिपूला हळूच काचेवर ठेवलं. ठिपू चालत निघाला. एक पाय. मग एक पाय. मग एक पाय. बाण पळाला नाही. ठिपू जवळ आला. बाण पळाला नाही. ठिपू बाणावर चढला. बाण पळाला नाही.

"धरला!" म्हणाला ठिपू. पाय पोटाशी घेतले आणि बाणावरच झोपला.

"दादा, माझी लाल गाडी?" मुक्तानं विचारलं.

"श्श. गाडी चालवायची तर बाण हलवावा लागेल. उद्या चालवू."

मुक्तानं ओठावर बोट ठेवलं. "श्श," ती पंख्याला म्हणाली. "तू पण हळू."

"चला रे, पोळ्या गार होतात!" आई म्हणाली. सगळे जेवायला गेले. पायजम्याची पोळी मुक्तानं खाल्ली.

पंखा फिरतो भुर्र,
बाण पळेना सुर्र,
ठिपू घोरतो घुर्र.
दमले पाय, मिटले डोळे.
तुमचेही मिटा, बाळांनो.