लोकरीनं भरलेला हार्प

एकदा एक म्हातारी होती आणि ती मन लावून खोटं बोलायची. समुद्रापल्याड केल्ट लोकांचं एक बेट, तिथली ती. तिकडं हार्प नावाचं वाद्य असतं, आपल्या वीणेच्या नात्यातलं, पण खांद्याला टेकवून उभं धरायचं. त्यावर ती त्यांच्या जुन्या दंतकथांच्या धुना वाजवायची. राजे, राण्या, समुद्रातले घोडे, सगळे नुसते तारांत. शब्द एक नाही.

जत्रेत लोक विचारायचे, आजी, ही गोष्ट कुणाची? मग हिला चेव यायचा. एकाला सांगायची, हरवलेल्या गाईची. दुसऱ्याला सांगायची, सासूला चुकवून पळालेल्या सुनेची. एका सरदाराला तर म्हणाली, टकल्या राजाची, आणि त्याच्या टोपीकडं बघत बसली.

तिचा एक शिष्य होता. तिशीचा, शिकलेला, सरळ मनाचा. त्याला ह्याची लाज वाटायची. खऱ्या गोष्टी त्याला ठाऊक होत्या, प्रत्येक धून शिकवण्याआधी तिनंच सांगितलेल्या. मग लोकांपासून का लपवायच्या? असं विचारलं की ती त्याला मेंढ्या वळवून आणायला धाडायची.

त्या जत्रेत मासे वाळवणारी एक बाई दरवर्षी यायची आणि भिंतीला टेकून बसायची. तिचा मुलगा फिन्टन नऊ वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो गेलाच. होडी नाही, देह नाही. रडायचं तर थडगंसुद्धा नाही. एक धून मात्र होती, कुणाचीतरी वाट बघण्याची. ती सुरू झाली की बाई डोळे मिटायची. संपली की बाहीला नाक पुसायची, म्हातारीजवळ यायची आणि हळूच म्हणायची, "आला होता गं." मग घरी जायची. तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

एका साली लोकरीचा एक व्यापारी आला. त्यानं त्याच धुनेचं विचारलं. म्हातारी म्हणाली, गाईची. व्यापारी पोट धरून हसला आणि म्हणाला, ह्या लोकांना आपल्याच गोष्टी माहीत नाहीत. शिष्याला ते फार लागलं. तो उठला आणि खरी गोष्ट सांगायला लागला. एक राणी कड्यावर सात भरत्या उभी राहिली, सातव्या भरतीला राजाची होडी परत आली, आणि शेवटी हार्प भरभर वाजतो ना, तीच होडी किनाऱ्याला लागते. सांगितलीही छान. टाळ्या पडल्या. म्हातारीनं धून वाजवली. लोक माना डोलवत होते, हा बघ कडा, ही बघ होडी.

भिंतीपाशी बसलेल्या बाईनं मध्येच डोळे उघडले. धून संपली तेव्हा ते कोरडे होते. ती म्हातारीजवळ आली.

"आज नाही आला," ती म्हणाली. "त्या राणीचाच आला. बरं झालं तिचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्यानं हार्प घेतला तर आवाज भद्द, उशीवर टिचकी मारावी तसा. उलटा करून बघतो तर मागच्या भोकांतून आत लोकर कोंबलेली, अगदी ठासून. त्याला वाटलं, म्हातारीची थट्टा. तो हसला. ती हसली नाही.

"लोकर चांगली आहे की," ती म्हणाली. "आपल्याच मेंढीची. तुझी गोष्टपण चांगली होती, माझ्यापेक्षा बरी सांगितलीस. पण हे लाकूड आतनं पोकळ आहे म्हणून वाजतं. त्या धुनेतही तशीच जागा होती, तिथं ती मासेवाली तिच्या पोराला बसवायची. तू राणीला आणून बसवलंस, वर तिची होडीही परत आणलीस. मी गाय सांगते, कारण गाय कुणी खरी मानत नाही. जागा तशीच राहते."

"मग मला का सांगितलीत?"

"वाजवणाऱ्याला लागते. नाहीतर हात कुठं थांबवायचा ते कळत नाही. माझ्या गुरूनं मला सांगितली तेव्हा माझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. तोवर यायचा तो ह्या धुनेत. नंतर राणीच."

शिष्यानं हार्प खाली ठेवला. मग उठून त्या मासेवालीच्या घरी गेला. मी खोटं सांगितलं, म्हणाला. ती गोष्ट नाहीच तशी. तिनं त्याला बसवलं, वाळलेला मासा भाजून दिला.

"होडी लागल्याचं मी ऐकलंय रे," ती म्हणाली. "आता ते कसं विसरू?"

तो परत आला आणि हार्पातली लोकर काढत बसला. दुपार झाली. लोकर सगळी निघाली.

पुढच्या जत्रेत भिंतीपाशी ती जागा मोकळीच होती. तिथं कुणी बसू नये म्हणून म्हातारीनं स्वतःचं घोंगडं टाकून ठेवलं. हार्प आता शिष्य वाजवत होता. धून संपल्यावर कुणीतरी विचारलं, ही गोष्ट कुणाची?

"हरवलेल्या गाईची," तो म्हणाला. लोक हसले.

कुणी डोळे मिटून ऐकत असेल तर त्याला अर्थ सांगायला जाऊ नये. तो तेव्हा कुणालातरी भेटत असतो.