सोडण्याचा मुहूर्त

"दसऱ्याला सुरुवात केली तर चालेल का, वस्ताद? की सरळ कार्तिकात करू?"

बाबालाल वस्ताद तालमीच्या हौद्याकाठी बसून खोऱ्याच्या दांड्यात पाचर ठोकत होते. समोर कुस्तीची तांबडी माती पसरलेली. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाची सुरुवात?"

"व्यायामाची."

"मग आज काय वाईट हाय?"

"पितृपक्ष आहे. कालच वडिलांचं श्राद्ध झालं. या पंधरवड्यात नवं काही सुरू करत नाहीत."

"आसं..."

वस्तादांनी पाचरीवर आणखी एक घाव घातला.

विचारणारे गृहस्थ म्हणजे दिंडे सर, गावातल्या हायस्कुलाचे हेडमास्तर. ते नुसते खाकरले तरी सातशे पोरं रांगेत उभी राहायची. वर्षभरात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस द्यायची प्रथा त्यांनीच पाडली होती. असा माणूस आज एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पैलवानापुढं रुमालानं मान पुसत उभा होता.

सरांना भीती वाटत होती. आडपडदा कशाला, मरणाची भीती.

त्यांचे वडील चौपन्न वर्षं पुरी व्हायच्या आत गेले. सकाळी दाढी करता करता आरशासमोर खाली बसले, ते उठलेच नाहीत. सरांना येत्या माघात चौपन्न पुरी होणार होती. लेक उशिरा झालेली, अवघी नऊ वर्षांची. रोज दाढी करताना सरांचा हात मध्येच थांबायचा आणि ते छातीतला ठोका ऐकत राहायचे.

डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं होतं, "घाबरण्यासारखं काही नाही. पण चाला, अंग हलवा. रोज."

बाकी सगळं ठीक होतं. सरांचं अडायचं ते त्या 'रोज'पाशी.

"आजवर कितींदा सुरू केलंय?" वस्तादांनी विचारलं.

"चौदा वेळा." सरांना सगळं तोंडपाठ होतं. "पाडव्याला केलं ते एकोणीस दिवस टिकलं. अक्षय तृतीयेचं अकरा. लेकीच्या वाढदिवसाला केलं ते... चार. पण दर वेळी मारुतीपुढं नारळ फोडला. चांगला दिवस बघितल्याशिवाय एकदाही सुरू केलं नाही."

"आन् सोडलं ते?"

"म्हणजे?"

"सोडताना कुठला दिवस बगितला व्हता?"

"सोडलं असं नाही, वस्ताद. राहून गेलं."

"ऱ्हाऊन गेलं." वस्तादांनी ते शब्द तोंडात घोळवले. "म्हंजे पावणा वाजतगाजत घरात घेतला आन् परसदारानं घालवला. चौदा बार."

सरांचे कान तापले. हेडमास्तरांशी असं कोणी बोलत नसे. पण रागाच्या खाली भीतीच होती. मारुतीपुढं दिलेला शब्द चौदा वेळा मोडला, हे त्यांनी बायकोलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. छातीतली धडधड त्याचीच नसेल कशावरून?

"इच्छाच होत नाही," सर म्हणाले. आवाज त्यांच्याही नकळत खाली आला होता. "पहिले आठ दिवस असते, मग आटते. ती टिकवायची कशी, तेवढं सांगा. तुम्ही साठ वर्षं टिकवलीत."

"त्यातलं मला काय कळत न्हाई, मास्तर."

"मग मी करू काय?"

वस्ताद खोरं टेकून उठले.

"सोडा."

"काय?"

"चौदा दारं सताड उघडी टाकून पंधरावं काढू नका. आदी ही बंद करा. रीतीनं सोडा. नारळ आना, मुहूर्त मी देतो. मग तुमी मोकळं."

"सोडायचा मुहूर्त? असं कुठं असतं का?"

"परवा गनपती बोळवला न्हवं? आरती करून, हातावर दही घालून? का त्योबी ऱ्हाऊन गेला?"

सरांनी रुमाल खिशात घातला.

आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. आजवर जो भेटला त्यानं 'करा करा' म्हणून पाठ धरली होती. 'सोडा' म्हणणारा हा पहिलाच. शिवाय देवाच्या साक्षीनं सोडायचं, म्हणजे शब्द मोडल्याचं पापही नाही.

"फकस्त चालत यायचं," वस्ताद म्हणाले. "गाडीवर बसून आलेला नारळ मी घेत न्हाई. आन् पहाटं साडेपाचला. सहानंतर मी कुनाचा न्हवं."

दुसऱ्या दिवशी सर नारळ घेऊन निघाले. घरापासून तालीम दोन मैल, नदीचा पूल ओलांडून पलीकडं. पुलावर ते तीनदा थांबले. कठड्याला धरून छातीवर हात ठेवला, ठोके ऐकले, पुन्हा चालू लागले. आजचा दिवस काढायचा आणि सुटायचं, एवढंच डोक्यात होतं.

वस्तादांनी नारळाकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं.

"आज न्हाई जमायचं."

"का?"

"पितरांचा पंधरवडा. वडील हितंच कुठंतरी बगत आसतील. त्येंच्यादेखत सोडनार?"

सरांना ते पटलं. न पटून करतात काय? कालचा नियम त्यांनीच काढला होता.

"मग कधी?"

"उद्या या, बगू. आन् आलाच हायसा तर तेवढी कड उकरा. माजी पाठ धरलीया."

हौद्यातली माती रोज खोऱ्यानं उकरून मोकळी करावी लागते. एक दिवस राहिली तर दबते, आठ दिवस राहिली तर तिच्यावर पडणाऱ्याचं हाड मोडतं. सरांनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या वर सारल्या. वीस खोरी मारली आणि मटकन खाली बसले. सगळं अंग घामानं निथळत होतं. वस्तादांनी तांब्या पुढं केला.

घरी गेल्यावर सरांनी आधी आरशात पाहिलं. माणूस जिवंत होता.

मग हे सुरूच झालं.

सोमवारी वस्ताद म्हणाले, "आज शंकराचा वार." मंगळवारी म्हणाले, "गनपतीचा." गुरुवारी पीरसाहेबाचा, शुक्रवारी जुम्मा. शनिवारचं तर विचारायलाच नको. तालमीच्या कोनाड्यातला शेंदरी मारुती बाबालाल वस्ताद स्वतःच्या हातानं तेल घालून पुसायचे, त्याच्या वारी सोडायची गोष्ट काढणार कोण? रविवारी म्हणाले, "आज तुमची सुट्टी. सुट्टीच्या दिशी सोडलं तर सोडलं आसं कळनार कसं?"

सर शिकलेले होते. त्यांनी घरी पंचांग काढलं, आठवडा तपासला आणि बुधवारी छाती पुढं काढून आले.

"आज कुणाचा उपास नाही, वस्ताद. तुमच्यात नाही, आमच्यात नाही. आज वार मोकळा आहे."

वस्तादांनी बोटांवर वार मोजले.

"मग आज साक्षीला देव कोन?"

सरांनी खोरं उचललं.

दसरा गेला. दिवाळी आली आणि गेली. नारळ तोच होता. कापडी पिशवीत घालून लेक तो रोज संध्याकाळी दाराच्या कडीला अडकवून ठेवायची आणि सकाळी सर घरी आले की विचारायची, "बाबा, आज सुटलं का?" सर मान हलवायचे.

बायको एकदा वैतागली. "एवढ्या थंडीत कशाला जीव काढताय? सोडून द्या की सरळ!"

"सोडायलाच तर चाललोय," सर चपला घालता घालता म्हणाले.

भीती मात्र जागची हलली नव्हती. माघ जवळ येत होता. सर पंचांगाची पानं उलटायचे आणि दिवस मोजायचे. पुलावरचे तीन थांबे दोनवर आले, मग एकावर. पण त्या एका थांब्यालाही ते ठोके ऐकायचेच.

पौषातल्या एका पहाटे त्यांना उठवेना. बाहेर धुकं, अंगात कसकस. त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. हेच, हेच ते. पाडव्याच्या विसाव्या दिवशी असंच झालं होतं, अक्षय तृतीयेच्या बाराव्या दिवशीही असंच. आज गेलं नाही की उद्या जायला लाज वाटते, परवा कारण सापडतं, आणि तेरवा विचारायलाही कोणी येत नाही.

पण या खेपेला पंचाईत होती. मुहूर्त मिळाल्याशिवाय सोडायचं नाही, असं कबूल करून बसले होते. आज जायचं नसेल तर तेही विचारूनच.

शेवटी अंगावर शाल घेऊन सर तालमीत गेले.

"आज बरं नाही, वस्ताद. आज येणार नाही, एवढं सांगायला आलो."

"बरं केलंसा," वस्ताद म्हणाले. "आज मातीला हात लावू नका. बसा जरा, आन् दमानं घरला जावा."

माघ उजाडला. वाढदिवसाच्या पहाटे सर उठले आणि नेहमीपेक्षा आधीच आरशासमोर उभे राहिले. वस्तरा हातात धरला. त्यांनी दाढी पुरी केली, तोंड धुतलं. आरशातलं ते तोंड आता वडिलांपेक्षा वयानं मोठं होतं. सरांना रडू आलं. टॉवेलात तोंड खुपसून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.

मग कडीवरची पिशवी काढून ते चालू लागले. पूल लागला, पूल गेला. थांबायचं राहिलं, हे त्यांना तालमीच्या दारात पोहोचल्यावर आठवलं.

वस्ताद मातीत तेल शिंपडत होते.

"वस्ताद, आज मला चौपन्न पुरी झाली. वडिलांना हा दिवस बघायला मिळाला नव्हता."

"आल्ला उदंड आयुष्य देवो."

"ज्या भीतीनं आलो होतो ती वेळ टळली. आता मला सोडू द्या."

"भीती गेली?"

सरांच्या ओठावर 'हो' आलं होतं. पण समोर मारुती होता.

"नाही."

"आन् आज हितं यायाची इच्छा झाली व्हती?"

"आज नाही. काल नाही. पाच महिन्यांत चार-दोन दिवस झाली असेल." सरांचा आवाज चढला. सातशे पोरांना गप्प करणारा तो आवाज तालमीच्या छताच्या पत्र्यावर आदळून परत आला. "आणि रोज काहीतरी निघतंच! आज काय आहे? कोणाचा वार आहे आज? हा नारळ बघा, वस्ताद, यातलं पाणीसुद्धा आटलं!"

त्यांनी पिशवीतून नारळ काढून हलवला. आतली वाटी सुटून खडखडत होती.

"एकदाच खरं सांगा. सोडायला चांगला दिवस असतो तरी का?"

वस्तादांनी तेलाची वाटी खाली ठेवली. हात मांडीला पुसले. कोनाड्यापाशी गेले, मारुतीच्या पाठीमागं हात घातला आणि काहीतरी काढून आणलं.

नारळच होता. शेंडी कधीच झडलेली. करवंटी तेलाच्या हातांनी काळी तुळतुळीत झालेली.

त्यांनी तो सरांच्या कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी एवढंसं, सुकलेलं, खडखडलं.

"हा कोणाचा?"

"माजा. सतरा वर्साचा व्हतो. उठाय नको वाटायचं, मातीत उतराय नको वाटायचं. सोडतो म्हनून माज्या वस्तादांकडं आलो, ह्यो नारळ घिऊन."

"मग?"

"म्हनले, आज आमुशा हाय. उद्या ये."

सरांच्या हातातला नारळ तसाच राहिला.

"आणि... दुसऱ्या दिवशी?"

वस्तादांनी आपला नारळ पुन्हा मारुतीच्या पाठीमागं ठेवला. भिंतीला टेकलेली दोन खोरी उचलली आणि त्यातलं एक सरांच्या हातात दिलं.

"वस्ताद जाऊन एकेचाळीस वर्सं झाली, मास्तर. मुहूर्त सांगायचं तेवढं त्येंच्याकडनं ऱ्हाऊन गेलं."