वाफेने केलेला मुजरा

एका राज्यात मुजऱ्याला उलट मुजरा न देणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा होता. एकदा राजाला नेमकी शिंक आली आणि भैरंग मांत्रिकाचा मुजरा तसाच राहिला. मांत्रिकाने खजिन्याच्या तळघराला पाण्याचा शाप दिला आणि बुरुजावर जाऊन बसला.

तळघरात तेव्हा सगुणा हंडे घासत होती. पाण्याच्या लोंढ्याने दार बंद झालं. ती हंड्यांच्या ढिगावर चढली आणि आतून भिंत ठोकू लागली. बाहेर तिचा नवरा, हैबती तांबट, भिंतीला कान लावून उभा होता.

मांत्रिकाची साळुंकी येऊन म्हणाली, "तिसऱ्या दिवशी पाणी छताला लागेल."

राजाने विचारलं, "हैबती, उपाय?"

"पाणी उपसतो, महाराज."

"कशाने?"

"उकळत्या पाण्याने."

"बरं," राजा म्हणाला. त्यालाही दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिल्या दिवशी हैबतीने तांब्याचं भलंमोठं भांडं चुलीवर चढवलं. झाकण उडालं ते शेजारच्या राज्यात पडलं. तिथून तक्रार आली.

दुसऱ्या दिवशी झाकण कथलाचा डाख देऊन पक्कं सांधलं. वाफ फटीतून निसटून प्रधानाच्या पागोट्यात शिरली. प्रधान हातभर वर गेला, संध्याकाळी निवल्यावर उतरला. हैबतीने तिकडे पाहिलंही नाही. आतलं ठोकणं मंद झालं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने नळी जोडली, नळीत दट्ट्या, दट्ट्यावर लाकडी तुळई, आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला तळघरातलं पाणी ओढणारी दुसरी नळी. वाफ आली. तुळई वाकली, उठली, पुन्हा वाकली. पाणी बाहेर पडू लागलं, पण जितकं पडे तितकंच आत भरे. भांड्याचं पोट फुगत चाललं. जाळ कमी केला तर सगुणा बुडणार, वाढवला तर भांडं फुटणार.

आणि ठोकणं थांबलं.

हैबतीच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्यात वरून आवाज आला, "मला मुजरा कोण करतंय?"

तुळई बुरुजाकडे तोंड करून वाकत होती. मांत्रिक रीतीला पक्का. तो उठला, वाकला. तुळई पुन्हा वाकली. तोही वाकला.

साळुंकी म्हणाली, "स्वामी, ते लाकूड आहे."

"असेना! मुजरा तो मुजरा!"

दोनशेव्या मुजऱ्याला त्याची कंबर धरली. "अरे तांबटा, थांबव त्याला!"

"आधी शाप मागे घ्या!"

"घेतला! घेतला रे बाबा!"

पाणी आलं तसं गेलं. दार उघडलं. सगुणा निथळत बाहेर आली.

"अगं, ठोकायची का थांबलीस?"

"हात भरून आला, म्हणून जरा टेकले. अहो, माझ्याकडे काय बघताय? डाख सुटतोय, जाळ काढा आधी!"

हैबतीने जळती लाकडं हातांनीच ओढून काढली. भांडं हळूहळू निवलं. त्याचे पोळलेले हात मात्र तिने धरून ठेवले.

राज्यात सगळं पूर्ववत झालं. मांत्रिकाची कंबर तेवढी राहिली.