भिंत म्हणाली, थांबा

त्या मुलखात कोणाला काही जाणून घ्यायचे असले, तर भिंतीला विचारावे लागे. भिंत टेकडीवर होती. तिच्या आत काय आहे हे कोणी पाहिले नव्हते, कारण तिला दार नव्हते. नुसते झरोके होते. एका झरोक्याला वाऱ्याचे ठाऊक असे, दुसऱ्याला कुठल्या झाडाला फळ धरले ते, तिसऱ्याला पाण्याचे. वाऱ्याच्या झरोक्याला पाण्याचे विचारले, तर आतून आवाज येई, "इथे नाही." मग कुठे, हे सांगण्याची भिंतीला सवय नव्हती. ती उद्धट नव्हती आणि दयाळूही नव्हती. नीट विचारणाऱ्याला ती नीट उत्तर देई, मग तो गरुड असो की चिलट.

टेकडीखालून नदी वाहत होती. उन्हाळ्यात तिचे पात्र उघडे पडे आणि मधल्या वाळूवर टिटव्या अन् पाणभिंगऱ्या अंडी घालीत. वाळू उबदार असे, आणि कोल्ह्याला दबा धरायला तिथे झुडूप नसे. भीती एकच होती. नदीच्या वरच्या अंगाला मोठे सरोवर होते आणि त्याला दगडी दारे होती. त्यांतले नदीकडचे दार उघडले, की कोरडी ठणठणीत वाळू पाहता पाहता पाण्याखाली जाई. मोठ्यांना पंख होते. पिल्लांना नुसते पाय होते, आणि वाळूवरून काठ गाठायला त्या पायांना अख्खी सकाळ लागे.

दार कधी उघडणार, हे पक्षी अंदाजाने ठरवीत. मुंग्या कुठल्या बाजूला चालल्या आहेत ते बघत, चतुर किती उंचावरून उडतात ते बघत. हौसा टिटवीचा अंदाज मागल्या उन्हाळ्यात चुकला होता. तिची पिल्ले गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती त्याच जागेवर, पाण्यावरून, ओरडत घिरट्या घालीत राहिली. यंदा अंडी घालण्याआधी ती टेकडीवर गेली.

पाण्याच्या झरोक्यापुढे बसून तिने भिंतीला सगळे सांगितले. मागल्या वर्षीचे सांगितले, पिल्लांचे सांगितले, आणि सांगता सांगता ती रडू लागली.

"समजले नाही," आतून आवाज आला.

तिने पुन्हा सांगितले, जरा थोडक्यात.

"समजले नाही."

हौसा संतापली. पण जायचे कुठे? ती शेजारच्या दगडावर बसून इतर कसे विचारतात ते ऐकू लागली. जे उत्तर घेऊन जात, ते फार थोडे बोलत. आधी सरोवराचे नाव, मग दाराचे, मग दिवस. मधे एकही शब्द जास्तीचा नाही. आणि सर्वांत आधी प्रत्येक जण एक खुणेचा शब्द उच्चारी. हा शब्द भिंतच देई, ज्याचा त्याला वेगळा, म्हणजे कोण विचारते आहे हे तिला कळे. हौसाने आपला शब्द मागून घेतला. मग दुःख बाजूला ठेवून तिने तेवढेच विचारले, जेवढे भिंतीला समजत होते.

आणि भिंत बोलू लागली, ती थांबेचना. सरोवराचे नाव, त्यात पाणी किती, ते कुठून आले, दारे कोणती, प्रत्येक दाराला किती साखळ्या, कोणती साखळी कधी ओढली. पेटीतून पेटी निघावी तसे उत्तरातून उत्तर निघत गेले. पहिल्या दिवशी हौसा काहीच न समजता परतली. दुसऱ्या दिवशी तिला कळले, की एवढे सगळे लक्षात ठेवायचे नसते. नदीकडच्या दाराचे नाव येईपर्यंत नुसते ऐकत राहायचे आणि सर्वांत शेवटचा शब्द तेवढा उचलायचा. तो शब्द एक तर 'बंद' असे, नाही तर 'उघडे'.

तेव्हापासून वाळूवर रोज खबर येऊ लागली. "आज बंद," हौसा वरूनच ओरडे, आणि पाणभिंगऱ्या निश्चिंत मनाने पंखांवर चोच घासत बसत. त्यांच्यात धुरपा नावाची वयस्क पाणभिंगरी होती. तिला सगळे काकू म्हणत. ती सुरुवातीला म्हणाली होती, "भिंतीला काय कळतंय नदीचं!" आता तीच रोज विचारी, "हौसे, जाऊन आलीस का गं?"

मग अंडी फुटली आणि हौसाला पिल्लांना सोडून टेकडीवर जाणे जमेना. घारी टपून बसलेल्या होत्या. तेव्हा तिला साळुंक्या आठवल्या.

साळुंकीला एकदा ऐकवलेले कधी चुकत नाही. हौसाने बकुळा नावाच्या साळुंकीला बोलावले, तिला आपला खुणेचा शब्द दिला, प्रश्न पाठ करून घेतला आणि शेवटी बजावले, "उत्तरातला शेवटचा शब्द घेऊन यायचा. बाकी भिंत काय बोलेल ते बोलू दे."

"शेवटचा शब्द," बकुळा म्हणाली. "सोपं आहे."

ते खरेच सोपे निघाले. बकुळा जाई, हौसाच्या आवाजात विचारी, 'बंद' घेऊन येई. ती थकत नव्हती आणि विसरतही नव्हती. आता विचारायला कष्टच नाहीत म्हटल्यावर वाळूवरचे सगळेच जास्त विचारू लागले. सकाळचे उत्तर दुपारी शिळे वाटू लागले. धुरपाकाकू म्हणाली, "एकटी बकुळा पुरे पडायची नाही. तिच्या बहिणींनाही शिकव की." बकुळाने बहिणींना शिकवले, बहिणींनी थव्याला. खुणेचा शब्दही सगळ्यांना मिळाला. टेकडी आणि वाळू यांच्यामध्ये साळुंक्यांची ये-जा दिवसभर चालू राहिली. हौसाला ते पाहून बरे वाटे. एकटीने सुरू केलेल्या गोष्टीचे केवढे मोठे काम झाले, असे तिच्या मनात येई.

एके दिवशी सकाळीच, पहिली खबर यायच्या आत, पात्रातली बारीक धार गढूळ झाली. वर कुठे म्हशी उतरल्या असतील, असे काही जण म्हणाले. पण वाळूवर कुजबुज सुरू झाली आणि ज्याने त्याने आपापली साळुंकी टेकडीवर पिटाळली. काही टिटव्या तर पिल्लांना घेऊन काठाच्या दिशेने चालूही लागल्या. झरोक्यापुढे सगळा थवा एकाच आवाजात, एकच शब्द सांगत, एकच प्रश्न विचारू लागला. एक साळुंकी वळायच्या आत दुसरी बसे.

थोड्या वेळाने बकुळा परत आली. सगळ्यांनी माना वर केल्या.

"थांबा," बकुळा म्हणाली.

मागून दुसरी आली. तीही म्हणाली, "थांबा." मग तिसरी. सगळ्या तेच म्हणत होत्या.

"ऐकलंत ना?" धुरपाकाकू म्हणाली. "भिंत स्वतः म्हणते, थांबा. उगाच उन्हातून लेकरांना नका दमवू." वाळूवर एकदम शांतता पसरली. काठाकडे निघालेल्या टिटव्या अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. पिल्ले आयांच्या सावलीत शिरली.

हौसाही बसली. पण तिला स्वस्थता लाभेना. भिंतीपुढे आपण रडलो होतो, तेव्हा आपण काय करावे ते तिने सांगितले नव्हते. कोणालाच कधी सांगितले नव्हते. मग आज तिला आपली काळजी कशी वाटली? तिने बकुळाला जवळ बोलावले.

"बकुळे, भिंत काय म्हणाली?"

"थांबा."

"त्याच्या आधी?"

"तू शेवटचाच शब्द आणायला सांगितलं होतंस."

"हो गं. पण त्याच्या आधी काय होतं?"

बकुळाने डोळे मिटले आणि भिंतीच्या आवाजात म्हणाली, "फार झाले. थांबा."

"सरोवराचं नाव? दाराचं?"

"नाही. तेवढंच."

हौसा तशीच उठली आणि टेकडीवर गेली. साळुंक्यांची झुंबड तिने ओरडून हाकलली, झरोक्यापुढे बसून आपला खुणेचा शब्द सांगितला आणि प्रश्न विचारला.

"फार झाले. थांबा."

"मी आज पहिल्यांदाच विचारते आहे," ती म्हणाली.

"थांबा."

भिंतीच्या लेखी सकाळपासून हौसाच विचारीत होती. हजार चोचींनी, पण हौसाच. आणि प्रत्येक नव्या प्रश्नाने थांबण्याची वेळ लांबत होती. गप्प बसून राहिले तर भिंत बोलेल, हे तिला समजत होते. पण केव्हा? तिने खाली पाहिले. वाळू उन्हात चमकत होती. पिल्लांना काठ गाठायला किती वेळ लागतो, ते तिला ठाऊक होते. ती उत्तराविनाच उडाली.

"उठा!" ती वाळूवर उतरत ओरडली. "पिल्लांना काठावर न्या!"

"दार उघडणार म्हणाली भिंत?" कोणीतरी विचारले.

"काही म्हणाली नाही. उत्तर मिळालं नाही."

"मिळालं नाही कसं?" धुरपाकाकू चिडली. "सगळ्यांनी ऐकलंय. थांबा म्हणाली."

"काकू, ते उत्तर नव्हतं. ते विचारणाऱ्याला म्हटलं होतं. आपल्याला नव्हे."

"शब्द तर तोच ना?"

शब्द तोच होता. हौसाने आपली पिल्ले पुढे घातली आणि ती चालू लागली. निम्म्याअधिक टिटव्या तिच्या मागे निघाल्या, पाणभिंगऱ्या थोड्या. बाकीच्या धुरपाकाकूच्या भोवती बसून राहिल्या.

उन्हे कलली तेव्हा पाणी आले. आधी आवाज आला, मग फेस. हौसाचे शेवटचे पिल्लू काठाच्या चिखलात रुतले होते. तिने त्याला चोचीने ढकलून वर काढले. मागे वळून पाहिले तेव्हा वाळू नव्हती. पाणभिंगऱ्या पाण्यावर गोल गोल फिरत होत्या. त्यांत धुरपाकाकू होती. ती ओरडत नव्हती. नुसती फिरत होती.

अंधार पडायच्या आत बकुळा काठावर आली. "मी तर जसंच्या तसं आणलं होतं," ती म्हणाली.

"हो," हौसा म्हणाली. "जसंच्या तसं आणलंस."

पाणी ओसरल्यावर हौसाने साळुंक्यांना पुन्हा शिकवायला घेतले. प्रश्न त्यांना येतच होता. आता एका वेळी एकीनेच जायचे होते. भिंत 'थांबा' म्हणाली तर दगडावर बसायचे, आणि पुन्हा तेच म्हणाली तर आधीच्या दुप्पट बसायचे. दाराचे नाव कानावर पडले नाही, तर शेवटचा शब्द उचलायचाच नाही. हे सगळे साळुंक्या दोन दिवसांत शिकल्या. एक गोष्ट मात्र काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. काहीच मिळाले नाही, तर परत येऊन तसे सांगायचे. बकुळा म्हणाली, "पण हे तर कोणीच बोललेलं नसतं. मग मी कोणाचं सांगू?"

"तुझं," हौसा म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात वाळू पुन्हा उघडी पडली आणि पुन्हा अंडी फुटली. एका सकाळी बकुळाला यायला उशीर झाला. ती आली, वाळूवर उतरली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आणि कोणाचाही नसलेल्या, जरा चिरक्या, नवख्या आवाजात ती म्हणाली,

"उत्तर मिळालं नाही."

धुरपाकाकू उठली, पंखाखालच्या पिल्लाला तिने हलकेच पुढे ढकलले, आणि तिच्यामागे सगळी वाळू काठाकडे चालू लागली.