निंबगडची रिकामी दशमी

वैशाख शुद्ध दशमी तोंडावर आली आणि हैबतराजांच्या लक्षात आलं, की या तिथीला आपण काहीच केलेलं नाही! निंबगडात ही साधी गोष्ट नव्हती. वर्षातली बाकी प्रत्येक तिथी महाराजांनी आपल्या नावावर करून ठेवली होती. रोज सकाळी दवंडीवाल्याने आजचा दिनविशेष सांगायचा, आणि त्या तिथीला महाराजांनी जे केलं किंवा सोसलं ते अख्ख्या गावाने करायचं, असा रिवाजच होता. महाराज घोड्यावरून पडले त्या तिथीला गाव लंगडायचं. त्यांची दाढ दुखली त्या तिथीला सगळे गालाला फडकं बांधून उपाशी राहायचे. एकदा सासुरवाडीहून येताना महाराजांचा हत्ती गावच्या ओढ्याच्या गाळात रुतला होता, म्हणून दरवर्षी वैशाख शुद्ध द्वादशीला म्हातारेकोतारेसुद्धा गुडघाभर गाळात उभे राहायचे. लोकांना या सगळ्याची इतकी सवय झाली होती, की हसायचं कुणाला सुचत नव्हतं.

दशमी तेवढी मोकळी उरली होती, म्हणून यंदा गावातली सगळी लग्नं दशमीलाच ठरली होती. राघू कुंभाराच्या मुलीचं, ठकूचंही त्याच दिवशी होतं. आदल्या वर्षी त्यांनी तेव्हा मोकळी असलेली दुसरी तिथी धरली, तर नेमकी त्याच तिथीला आपली दाढ दुखल्याचं महाराजांना आठवलं. जेवणावळीत कुणी चावायचं नाही म्हटल्यावर टाकळीचं वऱ्हाड रुसून माघारी गेलं. यंदा त्यांचा निरोप होता, की या खेपेला लग्न लागलं नाही, तर आम्ही मुलासाठी दुसरी मुलगी बघू. ठकूला तो मुलगा मनापासून आवडला होता, आणि दुसरा तिला नको होता.

इकडे महाराजांनी कारभारी भास्करपंतांना फैलावर घेतलं. दिनविशेष जमवायचं काम पंतांचं. त्यांनी भाटांना विचारलं, जुन्या नोकरांना विचारलं, पण त्या तिथीला महाराज गडावर शिंकल्याचंसुद्धा कुणाला आठवेना. तेव्हा महाराजांनी हुकूम सोडला. आम्ही दशमीला काहीच केलं नसेल, तर गावानेही काहीच करायचं नाही. उगवतीपासून मावळतीपर्यंत हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहायचं. कुणाला आमचा पराक्रम सापडलाच, तर त्याने येऊन सांगावा. मात्र खोटं निघालं, तर त्याच्या घरी पुन्हा कधी वाजंत्री वाजणार नाहीत.

दवंडी ऐकून ठकू चाकाजवळ बसून रडली. आई मडकी रचता रचता साऱ्या पुरुषजातीवर करवादत होती.

"दाढ दुखल्याची तिथी बरी आठवती ह्यांना," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "सोताच्या लग्नाची इचारा की."

राघू बिचारा खरोखरच विचारात पडला. आपल्या लग्नाची तिथी आठवेना तेव्हा तो माती तुडवायला उठून गेला. ठकूचं रडं तिथेच थांबलं. तिने हात धुतले, पदर नीट केला आणि ती तडक गडावर निघाली.

त्या दिवशीचा दिनविशेष काढ्याचा होता. महाराज लहानपणी कडू काढा प्यायले होते, म्हणून सगळा दरबार हातात वाटी घेऊन, तोंड वाकडं करून बसला होता. बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे राणीसाहेब गुणवंताबाई होत्या.

"कुंभाराची ना तू?" महाराज म्हणाले. "आमचा पराक्रम तुला कसा ठाऊक?"

"ठाऊक न्हाई, महाराज. पर मी दवंडी रोज ऐकते," ठकू म्हणाली. "त्यात आपली मुंज हाय, पहिली शिकार हाय. पोपटाचं लग्नबी हाय, त्या दिवशी आमाला लाडू मिळत्यात. हत्ती रुतल्याचा दिवसबी हाय. त्यो हत्ती कशापायी गेला हुता?"

"आमची वरात घेऊन येत होता."

"मग लग्नाचा दिवस कंचा?"

महाराजांनी भास्करपंतांकडे पाहिलं आणि पंतांनी काढ्याच्या वाटीत पाहिलं. लग्न लागलं होतं सासुरवाडीला, आणि पंत तेव्हा गड सांभाळायला मागे राहिले होते.

"सगळ्या तिथी भरल्यात," ठकू म्हणाली, "आन लग्न कुठंच न्हाई. हत्ती रुतला द्वादशीला. आपली सासुरवाडी दोन दिसांच्या वाटंवर. रिकामी तिथी एकच, ती दशमी. आता ते लग्न कुठं दडून बसलंय, ते मी कशाला सांगू?"

पडद्यामागे बांगड्या वाजल्या.

"दशमीच," राणीसाहेब म्हणाल्या. "गोरज मुहूर्त होता. स्वारीला कधी आठवतंय, ते बघत बसले होते मी. पोपटाचं लग्न आठवलं, तेव्हा जराशी आशा वाटली होती."

महाराजांचा चेहरा पार उतरला. आता कुणाचं डोकं उडतंय, म्हणून पंतांनी भीतीपोटी सगळा काढा एका दमात संपवला. ठकू मात्र इथवर येऊन थांबणार नव्हती.

"रिवाज मोडू ने, महाराज," ती म्हणाली. "आपण दशमीला लगीन केलं. मग आमी हात गुडघ्यांवर ठेवून कसं बसावं? आमालाबी लगीनच कराया पायजे!"

महाराज असे खदखदून हसले, की मुकुट कलला. ठकूचं लग्न गडावर, राजमंडपात लावायचं ठरलं. राणीसाहेबांनी हातातल्या पाटल्या काढून पडद्याखालून तिच्याकडे सरकवल्या.

"तिचं झालं," पडद्यामागून पुन्हा आवाज आला. "आमचं काय?"

महाराज सिंहासनावरून उतरले, पडद्यासमोर गेले आणि त्यांनी दोन्ही कान धरले. पंत आधी बावचळले. मग त्यांना रिवाज आठवला. त्यांनी वाटी खाली ठेवून आपले कान धरले, आणि बघता बघता सगळ्या दरबाराने कान धरले.

तेव्हापासून निंबगडात त्या तिथीला कुणी काढा पीत नाही. त्या दिवशी गावातले झाडून सगळे नवरे बायकोसमोर कान धरतात. राघू कुंभार तर दवंडी व्हायच्या आधीच कान धरून चुलीपुढे हजर असतो, आणि ठकूची आई भाकरी थापता थापता विचारते, "आधी तिथी सांगा."