बक्षिसी ठरवलेली कमाई

एका गावाच्या वेशीबाहेर रायाजी नावाच्या माणसाची चुनाभट्टी होती. रायाजी तसा सरळ. मापात खोट करत नसे आणि मजुरी कधी थकवत नसे.

त्या राज्यात एक रीत होती. मालकाने मजुरीतून थोडा वाटा कापायचा, तेवढाच आपल्या पदरचा घालायचा आणि राजाच्या कोठीत भरायचा. मजूर अधू झाला, की कोठीतून त्याला जन्मभर धान्य मिळे.

एका वर्षी शेजारच्या राज्यात किल्ल्याचं काम निघालं. सगळा चुना रायाजीकडून जाऊ लागला. त्याने डोंगरातली नवी माणसं कामाला लावली. हैबती नावाचा मजूर त्यांच्यातलाच. रायाजीने सगळ्यांच्या मजुरीतून रीतीप्रमाणे वाटा कापून ठेवला. काम संपलं तेव्हा त्याच्या हाती एवढा पैसा आला, की तेवढा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

मग करवसुलीचा कारकून आला. रायाजीने आलेली सगळी रक्कम खरी सांगितली.

कारकुनाने विचारलं, "ही कामाची कमाई, की बक्षिसी?"

बक्षिसीवर फक्त राजाचा कर असे, मजुरांचा वाटा लागत नसे. कापून ठेवलेला पैसा रायाजीच्या हातून सुटेना.

"बक्षिसी," तो म्हणाला.

आपण एक पैसाही लपवला नाही, अशी मनाची समजूत घालून तो घरी गेला आणि पोटभर जेवला. त्याला ते जेवण गोड लागलं, याचंच वाईट वाटतं.

उडत्या चुन्याने हैबतीचे डोळे तेव्हाच अधू होत चालले होते. वर्ष सरता सरता ते पुरते गेले. त्याची बायको सगुणा त्याला हाताला धरून कोठीवर घेऊन आली. कोठीवरच्या अधिकाऱ्याने वही पाहून सांगितलं, की त्या हंगामात रायाजीकडे नवा मजूर कुणी नव्हताच. हैबती म्हणाला, माझे मालक खरे आहेत, त्यांनाच विचारा.

रायाजीला बोलावणं गेलं. हो म्हणावं, तर कारकुनाशी खोटं बोलल्याबद्दल भट्टी जप्त होणार. हैबतीकडे न बघता तो म्हणाला, "मी याला ओळखत नाही."

हैबतीने आवाज ओळखला. तो बायकोचा हात धरून आल्या वाटेने परत गेला.

पुढे सगुणा मिळेल ते काम करत राहिली. तेवढ्यात दोघांचं पोट भरेना. इकडे रायाजीलाही घास गिळवेना. शेवटी एके दिवशी जोंधळ्याचं पोतं पाठीवर घेऊन तो स्वतः डोंगर चढला. सगुणा दारात एकटीच बसली होती. हैबती वारला होता, त्याचे दिवस नुकतेच झाले होते.

तिने पोत्याकडे पाहिलं.

"ज्याला वळखत न्हाई म्हनलात, त्याच्या घरला दाणं कशापायी आनलंत, मालक?"

पोतं तसंच पाठीवर घेऊन रायाजी डोंगर उतरला.

तात्पर्य: कमाईचा आकडा खरा सांगून भागत नाही. ती कुणाच्या कष्टाची, हेही खरं सांगावं आणि त्याचा वाटा वेळेवर भरावा. माणूस गेल्यावर तो वाटा पोचवायला जागा उरत नाही.