वाक्यातून निसटलेला चोर

‘फसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. त्याचा कर्ता म्हणजे जो फसला तोच. ‘फसवणे’ला मात्र फसवणारा कर्ता लागतो. मिरजेच्या कुमुदिनी दांडेकर यांनी हा भेद शाळेत तीस वर्षे शिकवला होता.

निवृत्तीनंतर एका दुपारी त्यांना फोन आला. “कंपनीतून बोलतोय, तुमच्या संगणकात व्हायरस शिरलाय,” असे सांगून त्या माणसाने दुरूनच संगणकाचा ताबा मिळवला आणि दुरुस्तीचे पैसे मागितले. बाईंनी नकार देताच त्याने सारे पुसून टाकले. त्यात त्यांच्या दिवंगत लेकीच्या आवाजाचे एकमेव ध्वनिमुद्रण होते.

पोलीस ठाण्यात निरीक्षक घोरपडे हसले. “ताबा तुम्हीच दिलात ना बाई? शिकल्यासवरलेल्या तुम्ही, आणि अशा कशा फसलात?” मग त्यांनी कागदावर लिहिले, ‘तक्रारदार महिला स्वतःच्या निष्काळजीपणाने फसल्या,’ आणि सहीसाठी तो पुढे सरकवला.

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचले.

“साहेब, या वाक्यात मी एकटीच आहे,” त्या म्हणाल्या. “चोर तुमच्या वाक्यातूनच निसटला. मग तो गावात कुठे सापडणार?”

निरीक्षकांचे हसू मावळले. त्यांनी नवा कागद घेऊन लिहिले, ‘अज्ञात इसमाने तक्रारदार महिलेस फसवले.’ बाईंनी सही केली.

ही गोष्ट सांगणारे शेवटी चोर पकडला गेल्याचे सांगतात. ते चुकीचे आहे. तो सापडला नाही, आवाजही परत आला नाही. लेकीचा आवाज आपल्याच हातून गेला, असे बाई अखेरपर्यंत म्हणत राहिल्या; कागदावर मात्र तसे लिहिलेले नाही.